पाटीवरची विविधता आणि मुळशीचा वकील

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुळशी तालुक्यात जमिनीचे जेवढे कागद हलले, तेवढे त्याआधीच्या शंभर वर्षांत हलले नसतील, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती ठरणार नाही. हिंजवडी आणि माण येथे माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली, लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठांची संकुले आली, भूगाव-पिरंगुटच्या शेतांत इमारती उगवल्या आणि दासवे परिसरात लवासा नावाचे एक स्वप्न उभे राहून २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. या प्रत्येक उलाढालीच्या आरंभी आणि शेवटी वकील असतो. जमिनीचा मालक कोण, सातबाऱ्यावरचे इतर हक्क कोणाचे, फेरफार कोणत्या वारसांना वगळून झाला, कुळाचे नाव केव्हा आणि कसे उडाले, जमीन वर्ग दोनची तर नाही, हे सारे तपासून शोध अहवाल तयार झाल्याखेरीज बँक कर्ज देत नाही आणि विकासक पैसे मोजत नाही.

हा अहवाल मुंबईच्या किंवा पुण्याच्या एखाद्या बड्या विधी फर्मच्या छापील कागदावर, उत्तम इंग्रजीत आणि भक्कम शुल्क आकारून दिला जातो. त्यासाठी पौडच्या तहसील कचेरीत खेटे घालणारा, तलाठ्याकडून जुने फेरफार काढणारा, मोडीतला दस्त कोणाकडून वाचून घ्यायचा हे जाणणारा माणूस मात्र बहुधा स्थानिक असतो. पुष्कळदा तोही वकीलच असतो. त्याला कामाच्या नगावर पैसे मिळतात. अहवालावर त्याचे नाव नसते. आणि तोच तरुण त्या फर्ममध्ये नोकरी मागायला गेला, तर त्याला पहिल्या दहा मिनिटांत निरोप मिळण्याचा संभव अधिक.

अशा फर्ममधून अलीकडे ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन’ या नावाचा एक नवा विभाग दिसू लागला आहे. विविधता आणि समावेशन असे त्याचे मराठीकरण करता येईल. समाजातील सर्व स्तरांतील, स्त्री-पुरुष, दिव्यांग, वंचित अशा सर्वांना आपल्या कार्यालयात स्थान असावे, हा त्यामागचा घोषित हेतू. हेतू चांगला आहे. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु हा विभाग ज्यांच्यासाठी आहे असे सांगितले जाते, त्या नोकरीच्छू तरुणांना नेमके काय हवे आहे, हा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. समित्या बसतात, महिला दिनाला व्याख्याने होतात, छायाचित्रे निघतात. पौडच्या तरुणाच्या दृष्टीने यात बदललेले काही नाही.

ही कल्पना जेथून आली तेथे तिची काय गत झाली, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये ‘मॅन्सफील्ड नियम’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला. १८६९ साली वकिलीची सनद मिळवणाऱ्या तेथील पहिल्या महिलेचे, अराबेला मॅन्सफील्ड यांचे नाव त्याला दिले होते. नेतृत्वाच्या जागांसाठी विचारात घेतलेल्या उमेदवारांपैकी किमान तीस टक्के स्त्रिया व अन्य अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांतील असावेत, असे त्याचे सूत्र. बड्या फर्मनी ते मिरवत स्वीकारले. पुढे २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांतील वंशाधारित प्राधान्य घटनाबाह्य ठरवले, त्याच वर्षी काही फर्मच्या विशेष शिष्यवृत्त्यांविरुद्ध दावे दाखल झाले आणि मार्च २०२५ मध्ये संघराज्याच्या रोजगार आयोगाने वीस बड्या फर्मना पत्रे पाठवून त्यांच्या विविधताविषयक धोरणांचा जाब विचारला. त्यानंतर कित्येक फर्मनी आपापल्या संकेतस्थळांवरील ही पाने गुपचूप उतरवली किंवा त्यांची भाषा बदलली. वीस-वीस वर्षे ज्याला आपले मूल्य म्हणून सांगितले, ते वारा फिरताच काही महिन्यांत गुंडाळता येते, याचा अर्थ ते मूल्य नव्हते, ती पाटी होती.

आपल्याकडील काही मंडळी या सगळ्यावरून लगेच असा निष्कर्ष काढतील की हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याला त्याची गरज नाही. हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण खरा नाही. वकिलीच्या व्यवसायाचे दार आपल्याकडे सर्वांना सारखे उघडे होते, असे म्हणण्याचे धाडस इतिहास जाणणारा कोणीही करणार नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. परंतु स्त्रियांना वकिली करण्याची मोकळीक देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. त्याच १९२३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत वकिलीला उभे राहिले. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन यांच्या पदव्या हाती असलेल्या या माणसाला सनदेच्या पैशांसाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली. उच्च न्यायालयात खटले मिळत ते सॉलिसिटरांमार्फत, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटले देत नसत. बाबासाहेबांना आपली वकिली खालच्या न्यायालयांत, गरिबांच्या खटल्यांवर उभी करावी लागली. पुढे १९२६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील गाजलेल्या खटल्यात त्यांनी आरोपींच्या बाजूने उभे राहून यश मिळवले. ते पुस्तक कोणाला कितीही बोचले असो, त्या खटल्याने हिंदू समाजाला एक गोष्ट दाखवून दिली: ज्याच्याकडे सॉलिसिटर फिरकत नव्हते, तो वकील कोणत्या तोडीचा होता.

त्या काळच्या सॉलिसिटरांनी बाबासाहेबांना नकार देताना कोणताही नियम दाखवला नव्हता. नियम नव्हताच. होती ती ओळख-पाळख, नातीगोती, ‘आपल्यातला’ माणूस निवडण्याची सवय. आजची बडी फर्म जात विचारत नाही, हे खरेच आहे. ती महाविद्यालय विचारते, इंग्रजीचा लहेजा ऐकते, आधी कोणाकडे प्रशिक्षण घेतले ते पाहते; आणि ते प्रशिक्षण मिळते ते बहुधा वडिलांच्या किंवा मामाच्या ओळखीने. परिणाम पुष्कळसा तोच होतो. केंद्रीय विधी मंत्रालयाने संसदीय समितीपुढे ठेवलेल्या माहितीनुसार २०१८ ते २०२२ या काळात उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्या न्यायमूर्तींपैकी सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातील होते. अनुसूचित जातींचे तीन टक्क्यांहून कमी आणि अनुसूचित जमातींचे दीड टक्क्याच्या आत. न्यायपीठ वकिलांतून घडते, वकील चेंबरमधून आणि फर्ममधून घडतो. खालचा जिना अरुंद असेल तर वरच्या मजल्यावर कोण पोहोचणार, हे उघड आहे.

१९७४ च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समता आणि हिंदू संघटन या विषयावर जे विचार मांडले, त्यात अस्पृश्यतेला कोणत्याही सबबीखाली जागा नव्हती. समता साधल्याशिवाय संघटन पुरे होत नाही, हे त्या मांडणीचे मर्म. त्या भाषणाला पन्नास वर्षे उलटली. देवळातला, पाणवठ्यावरचा भेद मिटवण्यासाठी कार्यकर्त्यांनी खस्ता खाल्ल्या. परंतु वातानुकूलित कार्यालयाच्या काचेच्या दारापाशी होणारी निवड ही समरसतेचा विषय आहे, असे अद्याप आपल्या मनाने पुरेसे घेतलेले नाही.

नोकरी मागणाऱ्याला काय हवे, याचे उत्तर त्याच्या वाटेने चालत गेले तरच मिळते. मुळशी, भोर, मावळातल्या मराठी शाळेतून बारावी झालेल्या मुलीची वाट घ्या. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत प्रवेश हवा तर ‘क्लॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. ती २००८ पासून घेतली जाते आणि इंग्रजीतूनच घेतली जाते. गंमत अशी की सनद घेतल्यानंतरची अखिल भारतीय बार परीक्षा मराठीसह अनेक भारतीय भाषांतून देता येत आली आहे! म्हणजे वकील होण्यास मराठी पुरते, वकिलीचे उत्तम शिक्षण घेण्यास पुरत नाही. त्या विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांच्या घरात, तयारीच्या शिकवण्या शहरात. मुंबईसारख्या ठिकाणी महाराष्ट्राच्याच पैशातून २०१४ साली असे विद्यापीठ उभे राहिले, पण मुळशीच्या वाड्या-वस्त्यांना ते ठाऊकही नाही. बड्या फर्म आपल्या नव्या भरतीपैकी मोठा वाटा अशाच निवडक विद्यापीठांच्या आवारातून उचलतात. जिल्ह्याच्या विधी महाविद्यालयातून तीन वर्षांची पदवी घेतलेल्या मुलीपर्यंत भरतीची साधी सूचनाही पोहोचत नाही. तिला हवी असलेली पहिली गोष्ट एवढीच की जागा रिकामी आहे हे तिला कळावे, अर्ज कोठे करायचा ते कळावे, आणि अर्ज वाचला गेला की नाही हेही कळावे.

येथे दिवंगत प्राध्यापक शामनाद बशीर यांचे स्मरण केले पाहिजे. त्यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ हा उपक्रम सुरू करून ग्रामीण, गरीब, दिव्यांग मुलांना हेरले, त्यांना प्रवेश परीक्षेसाठी तयार केले, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पोहोचवले आणि तेथे टिकवले. एका शिक्षकाने घेतलेल्या या पुढाकारातून शक्य काय आहे ते दिसले. फर्मनी देणग्या देऊन त्याचे श्रेय आपल्या अहवालात छापणे वेगळे, आणि त्या मुलांना आपल्या कार्यालयात घेऊन घडवणे वेगळे.

दुसरी गोष्ट पैशाची. ती बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो. वकिलीत पहिली काही वर्षे ज्येष्ठाकडे ‘शिकायचे’ असते आणि शिकताना मागायचे नसते, ही जुनी रीत. ज्याच्या घरी वकिलीची गादी आहे त्याला ती रीत परवडते. ज्याच्या घरी भाताची दोन खाचरे आहेत, त्याला परवडत नाही. पौडहून शिवाजीनगरच्या न्यायालयात रोज येणे-जाणे, काळा कोट, पुस्तके, दुपारचे जेवण, याला जो खर्च येतो तो देऊन वर हातात काही उरले नाही, तर तो तरुण वर्षभरात हिंजवडीच्या कुठल्यातरी कंपनीत सुरक्षा विभागात किंवा जमिनीच्या दलालीत शिरतो. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये या प्रश्नाला हात घातला आणि त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने शहरी भागातील कनिष्ठ वकिलांना दरमहा वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारसच ती, बंधन नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनद नोंदणीचे शुल्क कायद्यात लिहिलेल्या साडेसातशे रुपयांवर, अनुसूचित जाती-जमातींसाठी एकशे पंचवीस रुपयांवर आणून ठेवले. तोवर काही राज्यांत हा आकडा पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढे गेला होता. दाराची फट रुंदावली ती या निकालाने; कोणत्याही फर्मच्या विविधता समितीने नव्हे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. त्यामुळे अनेक फर्ममध्ये तरुण वकील कागदोपत्री ‘कर्मचारी’ नसतातच. ते मासिक शुल्कावर काम करणारे व्यावसायिक ठरतात. २०१७ मध्ये कायद्याने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची केली, मोठ्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले; पण जी कर्मचारीच नाही तिला हे हक्काने मागता येईल का? फर्मच्या मर्जीवर ते अवलंबून राहते. महिला दिनाच्या फुलापेक्षा नेमणूक पत्रात रजेच्या चार ओळी लिहून मिळणे तिला अधिक मोलाचे वाटेल. त्या ओळी लिहिण्यासाठी कोणतीही समिती लागत नाही. कुटुंबसंस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने तर मातृत्व आणि व्यवसाय यांच्यात निवड करायला मुलीला भाग पाडणारी व्यवस्था खपवून घेता कामा नये.

आणि या तरुणांना काय नको, तेही सांगितले पाहिजे. त्यांना कपाळावर चिठ्ठी नको आहे. ‘हा आमचा ग्रामीण उमेदवार’, ‘ही आमची वनवासी समाजातील सहकारी’ अशी ओळख करून दिली जाणे, माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर उभे केले जाणे आणि नंतर महत्त्वाच्या प्रकरणांपासून चार हात दूर ठेवले जाणे, हा अपमानच आहे. मुळशीच्या डोंगरकपारीत कातकरी वस्त्या आहेत. महाराष्ट्रातील विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी ही एक. त्या वस्तीतून उद्या एखादी मुलगी कायद्याची पदवीधर झाली, तर तिला कुतूहलाची वस्तू व्हायचे नसेल. तिला वनहक्काचा दावा लढवायचा असेल, किंवा कंपन्यांच्या विलीनीकरणाचे करार लिहायचे असतील. काय करायचे ते तिने ठरवावे. डाव्या विचारवंतांनी जी ओळखीची विभागणी चालवली आहे, तीत माणूस आधी गट असतो आणि मग व्यक्ती. समरसतेत तो आधी आपला असतो.

फर्मचे चालक यावर जे म्हणतात, तेही ऐकले पाहिजे. अशील पैसे मोजतो, त्याला निर्दोष इंग्रजी मसुदा हवा असतो, आम्ही गुणवत्तेशी तडजोड कशी करणार, असा त्यांचा प्रश्न. इंग्रजीचे महत्त्व कोणी नाकारत नाही. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने वरिष्ठ न्यायालयांची भाषा अद्याप तीच ठेवली आहे. परंतु करारनाम्याचे इंग्रजी दीड-दोन वर्षांच्या नेटाच्या सरावाने अंगवळणी पडते. त्या उलट १९४८ चा कूळकायदा प्रत्यक्ष गावात कसा राबला, भाऊबंदकीतली तोंडी वाटणी आणि सातबारा यांत अंतर का पडते, इनाम वर्गाची जमीन कोणत्या शर्तीवर सुटली, हे ज्ञान वातानुकूलित खोलीत दहा वर्षे बसूनही येत नाही. महाराष्ट्रात तालुका व जिल्हा न्यायालयांचे कामकाज मराठीत व्हावे, हा निर्णय १९९८ मधला आहे. त्या न्यायालयांत उलटतपासणी घेणारा वकील हवा असेल तर मराठी हीच गुणवत्ता ठरते. गुणवत्तेचे माप एकाच बाजूने धरले, तर तडजोड कोण करत आहे?

मुळशीला कागदाची ताकद शंभर वर्षांपूर्वी कळली आहे. १९२१ च्या एप्रिलमध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, पुढे सेनापती बापट त्याचे प्राण झाले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. पण खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होत्या. सावकारांनी मोबदला स्वीकारला, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसणारे कूळ हात चोळत राहिले. धरण झाले, पाणी भिऱ्याच्या वीजगृहात उतरले, मुंबईचे दिवे लागले. त्या कुळांच्या बाजूने तेव्हा प्रत्येक गावात एक वकील असता, तर धरण कदाचित थांबले नसते. मोबदल्याच्या यादीतील नावे मात्र वेगळी असती. आज हिंजवडीच्या पुढच्या टप्प्यांसाठी, रस्त्यांसाठी, वसाहतींसाठी पुन्हा जमिनी मोजल्या जात आहेत. समोरच्या बाजूला बसलेल्या फर्ममध्ये त्या गावांचा एकही माणूस नसणे, हे फर्मलाही परवडणारे नाही आणि गावालाही नाही.

यावर खाजगी क्षेत्रात कायद्याने आरक्षण आणा, अशी मागणी होते. विधी फर्मसारख्या लहान-मोठ्या व्यावसायिक संस्थांत ती कशी राबणार, हे मागणारेही सांगू शकत नाहीत. त्यापेक्षा सोपी आणि तपासता येणारी गोष्ट मागावी. प्रत्येक मोठ्या फर्मने दरवर्षी जाहीर करावे की नव्या वकिलांपैकी किती जिल्हा-तालुक्याच्या महाविद्यालयांतून घेतले, किती मराठी किंवा अन्य भारतीय भाषांच्या शाळांतून आले, किती घरातले पहिले पदवीधर आहेत, आणि तीन वर्षांनी त्यातले किती टिकले. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. घेणे सोपे असते. टिकवण्यासाठी शिकवावे लागते, चुका पोटात घालाव्या लागतात.

ही अपेक्षा मुंबईच्या फर्मपुरती ठेवून मोकळे होता येणार नाही. दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९२ मध्ये अधिवक्ता परिषद उभी राहिली. तिच्याशी जोडलेले आणि तिच्या बाहेरचेही अनेक ज्येष्ठ वकील पुण्यात आहेत, त्यांची कार्यालये मोठी आहेत, मुळशीच्या जमिनींची कामे त्यांच्याकडेही आहेत. त्यांच्या कार्यालयांत आज किती कनिष्ठ वकील आहेत, त्यांतले किती ओळखीविना आले आणि त्यांना महिन्याला काय दिले जाते, याची मोजणी आधी घरात व्हावी. प्रत्येकाने मुळशी, भोर, राजगड, मावळ या तालुक्यांतील दोन नवे वकील तीन वर्षांसाठी घ्यावेत, बार कौन्सिलने सुचवलेले विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून द्यावे आणि शोध अहवालाच्या शेवटच्या पानावर, ज्याने पौडच्या कचेरीत धूळ खाऊन तो तयार केला, त्याचे नाव लिहावे.